मोजून पाहणारा योगी

योग म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं, योगानं सगळं होतं. शुगर जाते, चष्मा जातो, गळलेले केस परत येतात आणि मनापासून केलं तर एम-थ्रीसुद्धा सुटतो. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, हे सगळं थोतांड आहे. २१ जूनला पहाटे उठवून ग्राउंडवर बसवायचं आणि फोटो काढायचा, एवढाच त्याचा उपयोग. दोन्ही पार्ट्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. मोजून कुणीच पाहिलेलं नाही.

ज्यांनी मोजून पाहिलं, त्यांच्याबद्दल मी लिहिते आहे. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेचे ते संस्थापक. आज जगभर योगावर जे रिसर्च चालतं, त्याची सुरुवात सांगताना त्यांचं नाव घ्यावंच लागतं. २०१९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं आणि २०२४ मध्ये कैवल्यधामला १०० वर्षं पूर्ण झाली. तरी आपल्या वऱ्हाडात दहा जणांना विचारलं तर आठ जणांना हे नाव माहीत नसतं. टीव्हीवरचे योगगुरू मात्र सगळ्यांना पाठ असतात!

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोई गावचा. मराठी माणूस गुजरातमध्ये कसा, असं वाटेल. डभोई तेव्हा बडोदा संस्थानात होतं. तिथं राज्य गायकवाडांचं असल्यामुळे कितीतरी मराठी घरं त्या भागात स्थायिक झाली होती. गुण्यांच्या घरची परिस्थिती बेताचीच होती आणि शिक्षण कष्टानं झालं. पण मुलगा हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे आजचा बोर्डात पहिला आल्यासारखा मान. पुढे ते बडोदा कॉलेजात शिकले आणि १९१० मध्ये पदवीधर झाले.

बडोद्यात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे देशभक्तीचं वारं. अरविंद घोष याच बडोदा कॉलेजात शिकवत असत आणि त्यांच्या विचारांचा गुण्यांवर मोठा परिणाम झाला. टिळकांचाही झाला. दुसरी गोष्ट म्हणजे आखाडा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा होती. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे तिथं माणिकरावांकडं शिकले. आखाडा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं, ते याच काळातलं. गुलाम देशाच्या पोरांनी आधी अंगानं धडधाकट व्हावं, मग बाकीचं, असं त्या पिढीला मनापासून वाटत होतं. गुणे त्याच पिढीचे. त्यांनी लग्न न करता सगळं आयुष्य देशकार्याला द्यायचं ठरवलं.

त्यासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. १९१६ मध्ये ते खानदेशात अमळनेरला गेले. आपल्या अकोल्याहून भुसावळ, जळगाव करत सुरतेच्या लाईननं निघालं की अमळनेर लागतं, म्हणजे तसं आपल्या वाटेवरचंच गाव. तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते मुलांना भारतीय संस्कृती शिकवू लागले. (याच सोसायटीच्या शाळेत पुढे साने गुरुजी शिक्षक झाले, हे आपल्याला माहीतच आहे.) असहकाराच्या चळवळीत देशभर राष्ट्रीय कॉलेजं निघाली, तसं अमळनेरलाही निघालं. १९२१ मध्ये गुणे त्याचे प्रिन्सिपॉल झाले.

याच वर्षांमध्ये त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. १९१९ मध्ये नर्मदेच्या काठी मालसर इथं त्यांची परमहंस माधवदास या योग्यांशी भेट झाली. आखाड्यात तयार झालेल्या या प्रोफेसरांनी माधवदासांकडून आसन, प्राणायाम, ध्यान असा सगळा अभ्यास घेतला. व्यायामशाळेत शरीर कळलं होतं. इथं शरीर, श्वास आणि मन या तिघांची एकच साखळी आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. फायदा तर स्वतःला जाणवत होता.

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं काय केलं असतं? भगवी वस्त्रं घातली असती, शिष्य गोळा केले असते आणि हा माझा अनुभव, तुम्ही विश्वास ठेवा, असं सांगितलं असतं. गुण्यांनी तसं केलं नाही. मला फायदा वाटतो म्हणजे तो खरंच होतो का, आणि होत असेल तर शरीरात नेमकं काय घडतं, हा प्रश्न त्यांना सोडेना. मग १९२०-२१ च्या सुमारास ते आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या दवाखान्यात गेले. तिथं एक्स-रे मशीन होतं. ते वापरून त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया तपासायला सुरुवात केली. तेव्हाच्या भारतात एक्स-रे मशीन हीच नवलाईची वस्तू होती, हे लक्षात घ्या. त्या मशीनसमोर योगाभ्यासी उभा करायची कल्पना तर त्याहून नवलाची!

नौली म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढची गंमत फ्ल्युइड मेकॅनिक्सवाल्यांना आवडेल. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, घसा बंद ठेवायचा आणि श्वास आत न घेताच बरगड्या फुलवायच्या. छातीच्या पोकळीचं आकारमान वाढतं, पण हवा आत येत नाही. मग दाब कमी होतो. हा बॉइलचा नियम आपण अकरावीत शिकलो. डायफ्रॅम वर ओढला जातो आणि पोट आत खोल जातं. हा झाला उड्डियान बंध. याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे करून पुढे काढायचे, ती नौली. जुने योगी पाण्यात बसून नौली करायचे आणि आतड्यात पाणी ओढून घेऊन आतडं धुवायचे. तिला बस्ती म्हणतात. पाणी खालून वर कसं चढतं? लोक म्हणत, ही योग्याची शक्ती आहे, शरीरातल्या वायूवर त्याचा ताबा असतो.

कुवलयानंदांनी आतड्यातला दाब मॅनोमीटरला जोडून मोजला. आपण लॅबमध्ये ज्याच्या रीडिंगवरून सरांची बोलणी खातो, तोच मॅनोमीटर. नौलीच्या वेळी दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली गेलेला दिसला. म्हणजे आत अंशतः निर्वात तयार होत होतं आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलत होता. चमत्कार वगैरे काही नाही, प्रेशर डिफरन्स! पण त्यामुळे नौली लहान झाली का? उलट माणूस स्नायूंच्या सरावानं पोटातला दाब इतका बदलू शकतो, ही खरी कमाल पहिल्यांदा आकड्यात दिसली. माधवदास १९२१ मध्येच वारले होते. कुवलयानंदांनी या निर्वाताला आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूंची समाधी बांधणारे पुष्कळ असतात. गुरूंच्या नावानं शास्त्रातली एक संज्ञा ठेवणारा शिष्य मला तरी दुसरा माहीत नाही.

इकडे अमळनेरचं राष्ट्रीय कॉलेज १९२३ मध्ये इंग्रज सरकारमुळे बंद पडलं. प्रिन्सिपॉलची खुर्ची गेली, तेव्हा वय चाळीस. आपल्याकडं चाळिशीत नोकरी गेली तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. यांनी मात्र १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-पुण्याच्या मधोमध, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. आश्रमाबरोबर प्रयोगशाळाही तिथं आली. त्याच वर्षी योगमीमांसा नावाचं इंग्रजी त्रैमासिकही सुरू केलं.

या त्रैमासिकाची रचना मला फार आवडते. त्यात वेगवेगळे विभाग होते. एक शास्त्रीय, ज्यात प्रयोग आणि आकडे. एक अर्धशास्त्रीय, ज्यात तर्क आणि स्पष्टीकरण. आणि एक सामान्य वाचकांसाठी, ज्यात आसन कसं करायचं ते. म्हणजे कोणती गोष्ट मोजलेली आहे, कोणती अंदाजाची आहे आणि कोणती फक्त करून बघायची आहे, हे वाचणाऱ्याला वेगळं कळे. आज व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या फॉरवर्डमध्ये या तिन्हींची भेळ असते. १९२४ च्या माणसाला ही शिस्त सुचली आणि आपल्या हातात एवढी साधनं असून आपल्याला सुचत नाही, याचं वाईट वाटतं.

योगमीमांसेतून १९२६ च्या सुमारास सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती बदलतो, याचे प्रयोग छापून आले. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो प्राणायामाचा प्रयोग. प्राणायाम केला की शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सगळे सांगत आणि आजही सांगतात. ऐकायला पटतं, शिवाय योगाची जाहिरात होते. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंचं मोजमाप केलं आणि निष्कर्ष लिहिला तो उलटा. प्राणायामाचं महत्त्व जास्त ऑक्सिजनमध्ये नाही. ते श्वासावर येणाऱ्या ताब्यात, छाती-पोटातल्या दाबाच्या बदलात आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे.

हे लिहायला किती हिंमत लागली असेल, याचा विचार करा. काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा. आपलं ते सगळं श्रेष्ठ, असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. लिहिणारा माणूस राष्ट्रीय कॉलेजचा माजी प्रिन्सिपॉल, देशभक्त, योगावर जीव ओवाळून टाकणारा. त्याच्या लाडक्या विषयाचा एक लोकप्रिय दावा त्याच्याच प्रयोगशाळेत टिकला नाही. तो आकडा त्याला दाबून ठेवता आला असता. कुणाला कळलं असतं? त्यानं तो छापला.

यातली पुढची गोष्टही सांगायला हवी. १९३१-३२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे मूळ भारतीय मानसशास्त्रज्ञ कैवल्यधामात योग शिकायला येऊन राहिले. १९३७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्वतःवर केलेल्या मोजणीत त्यांना काही प्राणायाम करताना ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला. म्हणजे गुरूच्या घरी शिकलेल्याचे आकडे गुरूच्या निष्कर्षाशी जुळले नाहीत! मला यात काहीच वावगं वाटत नाही. दोघांनी मोजलं, दोघांनी छापलं, आता तिसऱ्यानं यावं आणि तपासावं. भांडण व्हायचं तर ते आकड्यांचं व्हावं, श्रद्धांचं नको.

मी तेल्हाऱ्याची. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी ग्लासात घेतलं तर काचेसारखं दिसतं. तोंडात घातलं की खारट लागतं. पण किती खारं, ते प्यायला चालेल की नाही, जमिनीला सोसेल की नाही, हे ना डोळ्याला कळत, ना जिभेला. त्यासाठी पाणी तपासायला न्यावं लागतं. पाणी तपासलं म्हणजे विहिरीचा अपमान झाला, असं आमच्याकडं कुणी शेतकरी म्हणत नाही. योगाच्या बाबतीत मात्र तपासा म्हटलं की लोकांच्या भावना दुखावतात. कुवलयानंदांची भावना दुखावली नाही, कारण त्यांना विहीर हवी होती आणि पाण्याचा रिपोर्टही हवा होता.

ते नुसते प्रयोगशाळेत बसून राहिले, असं मात्र नाही. ते शिक्षक होते आणि शेवटपर्यंत शिक्षकच राहिले. त्यांच्या शिकवण्यात शरीराची हालचाल, श्वास आणि ध्यान यांचा क्रम ठरलेला असे. आसनं सावकाश, झटका न देता, दम लागू न देता. अंगाला ताण बसावा पण त्रास होऊ नये. आखाड्यात जसा घाम काढतात, तसा इथं काढायचा नाही, हे आखाड्यात घडलेला माणूस सांगत होता, म्हणून त्याला वजन होतं. मग प्राणायाम. नवशिक्यानं श्वास कोंडून धरायचाच नाही. घ्यायला जितका वेळ, सोडायला त्याच्या दुप्पट. आणि मग ध्यान. शरीर आणि श्वास शांत झाल्याशिवाय मन शांत होत नाही, म्हणून हा क्रम. शाळेतल्या मुलांना एकत्र, हुकमावर करता येतील असे योगाचे व्यायामही त्यांनी बसवले आणि १९३६ मध्ये यौगिक संघ व्यायाम या नावानं त्यांचं पुस्तक निघालं. आज ग्राउंडवर सतरंज्या टाकून शेकडो मुलं एका वेळी आसनं करतात, त्याचं मूळ अशा कामात आहे.

आसने आणि प्राणायाम ही त्यांची पुस्तकं प्रसिद्ध आहेत. त्यात काय करावं याच्याइतकंच काय करू नये, तेही लिहिलेलं आहे. रक्तदाब फार जास्त किंवा फार कमी असेल, कान वाहत असतील, डोळे नाजूक असतील तर डोकं खाली करून करायची आसनं आपल्या मनानं करू नयेत, असं ते बजावतात. औषधाच्या पाकिटावर साइड इफेक्ट छापतात तसं. योग सगळ्यांना सगळं देतो, असं म्हणणारा माणूस असली यादी छापणार नाही.

मोठमोठी माणसं त्यांच्याकडं आली. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांबद्दल सल्ला घेतला. १९३० च्या दशकात मुंबईत चौपाटीजवळ योगोपचाराचं केंद्र सुरू झालं. १९५० च्या सुमारास लोणावळ्याला योगाचं कॉलेज निघालं आणि पुढच्या दशकात योगोपचाराचं रुग्णालय. दम्याच्या रोग्यांवर तिथं काम झालं. जुन्या संस्कृत हस्तलिखितांचे पाठ ताडून ग्रंथ छापायचं कामही चालू होतं. शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलाचं ते संस्कृत असं कामी आलं. एका हातात मॅनोमीटर आणि दुसऱ्या हातात हस्तलिखित, आणि दोन्हीकडं नियम एकच, तपासल्याशिवाय छापायचं नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. वय ८२. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्था सांभाळली आणि ती आजही चालू आहे.

आता कुणी म्हणेल, त्यांचे ते जुने प्रयोग आज कितपत चालतील? बरोबर आहे. सुरुवातीचे प्रयोग मोजक्या विद्यार्थ्यांवर केलेले होते. आजच्या पद्धतीत कंट्रोल ग्रुप लागतो, संख्या मोठी लागते, स्टॅटिस्टिक्स लागतं. त्यांचे काही निष्कर्ष बदलतील, काही बदललेही असतील. पण ते बदलू शकतात, कारण ते आकड्यात लिहून ठेवलेले आहेत. नुसता शब्द दिलेला असता तर तो खोडणार कसा आणि सुधारणार कसा?

आपल्यासाठी यात काय आहे? पी.एल. लागली की रात्र रात्र जागणं, मेसचं तिखट, स्क्रीनसमोर वाकून बसणं आणि व्हायव्हाच्या आदल्या दिवशी छातीत होणारी धडधड, हे सगळ्यांचं सारखंच आहे. योगानं यातलं काय कमी होतं, हे मी सांगणार नाही. सांगितलं तर मी पहिल्या पार्टीत जाईन. हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या पार्टीत. त्यापेक्षा एक सोपा प्रयोग सुचवते. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं शांत बसून मनगटाची नाडी मोजा. मग दहा मिनिटं, घ्यायला चार आकडे आणि सोडायला आठ आकडे, असा संथ श्वास. कोंडून धरायचा नाही, चक्कर आली तर थांबायचं, आणि दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. मग परत नाडी. दोन आठवडे रोज तारीख, आधी, नंतर असं टेबल भरा. काही दिवस नुसतंच बसा, श्वास नेहमीचाच ठेवा आणि तेही लिहा, म्हणजे फरक श्वासानं पडला की नुसत्या बसण्यानं, ते कळेल. आणि एक नियम पाळा. रीडिंग आपल्याला हवं तसं आलं नाही, तरी ते खोडायचं नाही. लॅबच्या फाइलमध्ये आपण काय काय करतो ते आपल्याला माहीत आहे, म्हणून हा नियम मुद्दाम सांगितला!

सर्टिफिकेट नाही, मार्क नाहीत, कुणी सही करणार नाही. पण टेबल भरलं की या विषयावर बोलायचा तुमचा हक्क दोन्ही पार्ट्यांपेक्षा जास्त होईल. वर्कशॉपमध्ये जॉब आपण गेज लावून पास करतो. श्वास तर जन्मभराचा जॉब आहे. एकदा गेज लावून पाहायला काय हरकत आहे?